विकणारा बोलायला लागला की बैलाकडं बघावं



यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलं. उन्हाळी पाळ्या अर्ध्या राहिल्या. खालच्या रानात अजून पाय रुततोय. वाफसा नाही, म्हणून आज घरीच आहे. सकाळपासून तीन फोन आले. पहिला बियाण्याच्या दुकानातून, "दादा, ते वाण संपत आलंय, तुमच्यासाठी चार बॅगा बाजूला ठेवल्यात, आजच्या आज न्या." दुसरा औषध कंपनीच्या पोराचा, "यंदा पाऊस लवकर म्हणजे कीड लवकर, आधीच तयारी ठेवा." तिसरा मेव्हण्याचा, "दाजी, दोघांत ट्रॅक्टर घेऊ, मी शब्द टाकलाय, नाही म्हणू नका."

तिघंही मला काहीतरी पटवत होते. तिघांची तऱ्हा वेगळी. चहा पिता पिता वाटलं, ह्याच्यावर एकदा लिहावं. ह्या पानावर आपण कीड कशी ओळखायची, खत कसं ओळखायचं ते लिहितो. माणूस आपल्याला कसं पटवतो, ते ओळखायचं कोणी लिहीत नाही. आणि दुसरं म्हणजे, ह्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगायची राहिली आहे. दोन वर्षं झाली, डोक्यावरून ओझं उतरत नाही.

आधी वडिलांची गोष्ट सांगतो.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना वडील मला माळेगावच्या यात्रेला घेऊन गेले. नांदेड जिल्ह्यातली खंडोबाची यात्रा, जनावरांचा मोठा बाजार. आम्हाला लाल कंधारी बैल घ्यायचा होता. एक बैल मला बघताक्षणी आवडला. शिंगं रंगवलेली, अंग चकाकतंय, गळ्यात घुंगरमाळ. दलाल बोलायला लागला तो थांबेचना. अशी जोड मिळणार नाही, कालच एक जण हजार रुपये जास्त देत होता, मालकाला पोरीचं लग्न आहे म्हणून विकतोय, तुमचं तोंड बघून देतोय. मी ऐकत होतो आणि मान डोलावत होतो. वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बैलाचं तोंड उघडून दात बघितले, खांदा दाबून बघितला, खूर बघितले. मग बैल सोडायला लावला आणि उतारावर चालवला, वळवला, परत चढावर आणला. मागचा उजवा पाय जरा उशिरा पडत होता. जरासाच. मला दिसलाही नव्हता.

वडील म्हणाले, "नको." दलाल चिडला, "बैल घ्यायला आलात का सोयरीक जुळवायला?"

परत येताना वडील मला म्हणाले, "विकणारा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघू नको. बैलाकडं बघ. तो बोलतोच त्याच्यासाठी, की तू बैलाकडं बघू नये."

बैलाच्या बाबतीत ही गोष्ट मी कधी विसरलो नाही. बाकी सगळ्या बाबतीत विसरलो.

आता माझी चूक.

२०२३ चा ऑगस्ट सगळ्यांच्या लक्षात असेल. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात इतका कोरडा ऑगस्ट कधी गेला नव्हता. आमच्या परभणी जिल्ह्यात सोयाबीन फुलात-शेंगेत आलं आणि पावसानं दडी मारली. तीन आठवड्यांवर थेंब नाही. माळावरच्या रानात दुपारी पानं उलटी व्हायची. माझ्या विहिरीला आदल्या वर्षीच्या चांगल्या पावसाचं पाणी होतं. मी तुषारचे पाईप शेजाऱ्याकडून मागून आणले आणि दोन एकराला दोन पाणी दिले. एक फुलात, एक शेंगा भरताना. रात्री-अपरात्री लाईट यायची, तसे पाईप बदलायचो.

त्याच दोन एकरात मी एका कंपनीचं टॉनिकही दोनदा फवारलं होतं. कंपनीच्या पोरानं देवळात बैठक घेतली होती, जेवण होतं, टोपी होती, आणि मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. एका एकराला दोन फवारण्यांचं औषध १,९०० रुपयांचं.

काढणी झाली. मला एकरी नऊ क्विंटल झालं. आजूबाजूच्या कोरडवाहू रानात चार-पाचच्या वर कोणाला नव्हतं. ते पोरगं धावत आलं. "दादा, बघितलं का रिझल्ट!" मी पाण्याचं बोललो. तो म्हणाला, "पाणी तर अजून दोघा-तिघांनी दिलं, पण तुमच्यासारखं कुणाचं आलं? तुम्ही जाणकार आहात दादा, वेळेवर मारलं." जाणकार म्हटलं की माझं पोट भरलं. मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात मी हातात रोप धरून शेंगा मोजतोय आणि सांगतोय की हे औषध मारलं, नऊ क्विंटल झालं. पाण्याचं वाक्य मी बोललो होतो. व्हिडिओत ते नव्हतं. मला ते दिसलं, आणि मी काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. माझा फोटो, डोक्याला फेटा, खाली "प्रगतिशील शेतकरी". येणारा-जाणारा म्हणायचा, "दादा, फ्लेक्सवर झळकले!" खोटं कशाला सांगू, मी दूध घालायला जाताना मुद्दाम त्या फाट्यावरून जायचो.

आपल्या भाषेत ह्याला नाव आहे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हरभऱ्याचं झाड ते केवढं! चढलेला माणूस सोडून सगळ्यांना दिसतं.

त्याच सुमारास गावात कृषी विज्ञान केंद्राचे एक सर आले होते, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवायला. कोणीतरी कौतुकानं माझा व्हिडिओ त्यांना दाखवला. सरांनी शांतपणे सगळा बघितला आणि मला विचारलं, "न फवारलेला पट्टा कुठंय?"

मी म्हणालो, "सगळंच फवारलं सर."

"मग कशाशी तुलना केली?"

"शेजारच्या रानाशी."

"त्याला पाणी होतं?"

मी गप्प. मला राग आला. चारचौघांत माझी जिरवली असं वाटलं. सर मात्र आवाज न चढवता म्हणाले, "औषध चांगलं असेलही. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. यंदा एक पट्टा मारा, एक सोडा, असं तीनदा करा. काढून वजन करा. मग मलाही कळवा." आणि ते पुढच्या कामाला लागले. मला पटवायचा त्यांनी काही प्रयत्नच केला नाही. ते मला जास्त लागलं.

२०२४ च्या खरिपात मी केलं तसं. वरच्या, निचरा असलेल्या रानात पाच-पाच गुंठ्यांचे सहा पट्टे पाडले. एक आड एक फवारले. बियाणं तेच, पेरणी एकाच दिवशी, खत तेच. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आमच्याकडं अतिवृष्टी झाली, पण हे सहाही पट्टे बचावले. काढणीला प्रत्येक पट्ट्याची सुडी वेगळी घातली, मळणी वेगळी केली, गोण्यांवर खडूनं खुणा केल्या. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. वजन असं आलं:

फवारलेले: ९८, १०४, ९४ किलो. एकूण २९६.
न फवारलेले: १००, ९५, ९९ किलो. एकूण २९४.

पंधरा गुंठ्यांत दोन किलोचा फरक. एकरी धरला तर साडेपाच किलोसुद्धा नाही. बाजारभावानं सव्वादोनशे रुपये, तेही औषधामुळं की रानामुळं ते सांगता येत नाही, कारण फवारलेल्या तीन पट्ट्यांतच आपसात दहा किलोचा फरक आहे. खर्च १,९०० आणि फवारणीची मजुरी वेगळी. ह्यावरून मी असं म्हणत नाही की सगळी टॉनिकं वाया. माझं एक रान, एक वर्ष, तीन पट्टे, एक औषध. पण २०२३ ला नऊ क्विंटल कशानं आलं, ते मला कळलं. रात्री बदललेल्या पाईपांनी आलं.

मी ते आकडे त्या पोराला दाखवले. तो म्हणाला, "दादा, फवारणीची वेळ चुकली असेल." वेळ बरोबर होती म्हणालो तर म्हणाला, "पाण्याचा पीएच बघितला होता का?" ते सांगितलं तर, "यंदा पाऊस जास्त झाला ना, औषध धुऊन गेलं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, २०२३ ला पाऊस नव्हता तर औषधानं तारलं, २०२४ ला पाऊस होता म्हणून औषधाला काम करता आलं नाही. पीक आलं तर औषध, नाही आलं तर शेतकरी चुकला. जे कुठल्याच वर्षी हरत नाही, ते सांगणं तपासता येत नाही. असं सांगणं ऐकू आलं की आता मी उठून उभा राहतो.

इथपर्यंत नुकसान माझं एकट्याचं होतं. खरं पुढं आहे.

माझा एक चुलत भाऊ आहे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. चार एकर, तेही ओढ्याकाठचं. २०२४ ला त्यानं तेच टॉनिक चारही एकराला मारलं. ७,६०० रुपयांचं औषध, दुकानातून उधारीवर. सप्टेंबरच्या पाण्यात त्याचं रान चार दिवस तुंबलं. सहाच्या आसपास उतारा आला. दुकानदाराचा तगादा, पोरीच्या हॉस्टेलचे पैसे, म्हणून त्यानं काढल्या काढल्या माल विकला. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, पण ओलाव्याच्या नावाखाली बाजारात त्याला चार हजारही मिळाले नाहीत. सरकारी खरेदीला आधी १२ टक्के ओलाव्याची अट होती, ती नोव्हेंबरात १५ टक्के झाली. तोवर ह्याचं घर रिकामं.

दिवाळीत मी त्याच्याकडं फराळाला गेलो आणि पट्ट्यांची गोष्ट सांगून टाकली. मला वाटलं तो कंपनीला शिव्या देईल. तो म्हणाला,

"दादा, ते कंपनीवालं पोरगं माझ्याकडं दोन वर्षं येत व्हतं. मी त्याला चहा पाजून लावून द्यायचो. तुझा फोटो पाहिला आन् घेतलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. भावजय चिवड्याची ताटली पुढं सरकवत म्हणाली, "घ्या ना दाजी." मला घास गिळेना.

म्हणजे कंपनीनं त्याला पटवलंच नव्हतं. त्याला मी पटवलं होतं. कंपनीनं फक्त मला विकत घेतलं, एका टोपीत आणि एका फेट्यात. आणि दलालासारखं मी बोलत असताना माझा भाऊ बैलाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. आपल्या माणसाकडं कोण संशयानं बघणार?

त्यानंतर मी रोजच्या जगण्यात कोण कसं पटवतं त्याकडं ध्यान द्यायला लागलो. आपल्या मराठीत प्रत्येक तऱ्हेला आधीच शब्द आहे. आजी-पणजीला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या वहीत जे आहे ते लिहितो.

भरीस घालणं. हे घाईचं असतं. "संपत आलंय", "आजच्या आज", "उद्या भाव वाढणार". यंदा मेच्या पावसावर काहींनी पेरायची घाई केली, कारण शेजाऱ्याची तिफण चालू झाली. कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल जाईपर्यंत सोयाबीन पेरू नका. घाई करणाऱ्याला मी आता एकच सांगतो, उद्या सकाळी सांगतो. रात्रभरात जो सौदा नासतो तो सौदा नव्हताच. आज सकाळच्या बियाणेवाल्यालाही हेच सांगितलं. तसंही माझ्या घरचं सोयाबीन आहे. २०२० ला राज्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती तक्रारी झाल्या होत्या, तेव्हापासून मी बाजारचं असो की घरचं, उगवण बघितल्याशिवाय पेरत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. कमी उगवले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर नाद सोडायचा. माझे यंदा शंभरात ब्याऐंशी आले. हे मोजलं की दुकानदार काहीही बोलो, कानाला लागत नाही.

धाक दाखवणं. "गुलाबी बोंडअळी आलीय, आज मारलं नाही तर कपाशी गेली." आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धाक दाखवणारा प्रत्येक जण खोटा नसतो. बोंडअळी खरीच कपाशी घालवते. विद्यापीठाचे लोकही धोक्याचा इशारा देतात. फरक कुठं आहे, ते सांगतो. खरा इशारा देणारा हातात माप देतो. एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारा. किंवा वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघा, दोनात अळी दिसली तर फवारा. म्हणजे तो तुम्हाला शेतात पाठवतो. नुसता धाक दाखवणारा तुम्हाला दुकानात पाठवतो. तुमचे पाय कुठल्या दिशेला वळवले, एवढं बघितलं तरी पुरे.

मिंधं करणं. टोपी, कॅलेंडर, बैठकीतलं जेवण, "दादा, पैशाचं राहू द्या, पिकावर द्या." खाल्ल्या अन्नाला जागावं ही आपली रीत. ती रीत चांगली आहे, म्हणूनच तिचा उपयोग होतो. सगळ्यात जड मिंधेपण उधारीचं. उधारीवर घेणारा भाव विचारत नाही, बिल मागत नाही, दुकानदार देईल ती बाटली घेतो. माझ्या भावाचं तेच झालं. जमेल तिथं रोखीनं, आणि रोख असो की उधार, पक्कं बिल. त्यावर लॉट नंबर असला पाहिजे. उद्या काही बिघडलं तर तक्रारीला तोच कागद लागतो. डीएपीची बॅग पाहिजे तर सोबत हे घ्यावंच लागेल, असं लिंकिंग करतात, ते मी ह्यात धरत नाही. ते पटवणं नाही, ती जबरदस्ती आहे. त्याला मनाई आहे, त्याची तक्रारच करायची.

मोठे शब्द टाकणं. अमिनो, ह्युमिक, सीव्हीड, नॅनो. बोलणारा जितकं इंग्रजी बोलतो तितकी आपली मान जास्त हलते, कारण कळलं नाही असं म्हणायची लाज वाटते. मी दहावी पास आहे. आता सरळ म्हणतो, मला कळलं नाही, मराठीत सांगा, आणि बाटलीवर कुठं लिहिलंय ते दाखवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ही बायोस्टिम्युलंट म्हणतात ती औषधं सरकारनं खत नियंत्रण आदेशात आणली. म्हणजे त्यात काय आहे, किती टक्के आहे, कोणत्या पिकाला, किती प्रमाणात, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ज्याला सांगता येतं तो दोन मिनिटांत सांगतो.

शब्द टाकणं. हे नात्यातलं. मेव्हणा म्हणतो, मी शब्द टाकलाय. इथं माल तपासायचा प्रश्नच मागं पडतो. ट्रॅक्टर पाहिजे का नको हे राहिलं बाजूला, मेव्हण्याला नाही म्हणायचं का, हा प्रश्न होऊन बसतो. हे दोन प्रश्न वेगळे करायला मला वेळ लागला. आज मी त्याला म्हणालो, "तुझा शब्द माझ्यापाशी आहे, तो खाली पडला नाही. पण तुझं-माझं मिळून वर्षाला किती तास काम आहे ते आधी लिहून काढू. भाड्याच्या ट्रॅक्टरनं किती पडतं ते लिहू. मग बसू." तो जरा फुगला. फुगू द्या. हप्ते थकून नातं तुटण्यापेक्षा दोन दिवस फुगलेलं बरं.

आणि शेवटचं, पटवून देणं. ह्यात जोर "देणं" ह्यावर आहे. समोरच्याच्या हातात काहीतरी देऊन जाणं. त्या सरांनी मला एक प्रश्न दिला, न फवारलेला पट्टा कुठंय? तो प्रश्न मी त्यांच्याविरुद्धसुद्धा वापरू शकतो. उद्या ते एखादं वाण घेऊन आले तरी मी विचारणार, जुनं वाण शेजारी पेरलंय का? आणि मला खात्री आहे, त्यांना राग येणार नाही. जो माणूस त्याचंच माप तुमच्या हातात देतो, त्याचं ऐकायला हरकत नाही. ऐकून मग मोजायचं.

एवढं सगळं लिहिलं खरं, पण ह्यातलं काहीच माझ्या कामी आलं नसतं, कारण मला सगळ्यात जास्त पटवलं ते मी स्वतः. व्हिडिओतलं पाण्याचं वाक्य कापलंय हे मला दिसत होतं. पण "जाणकार" हा शब्द मला पाहिजे होता. बाहेरचा माणूस फक्त दार ढकलतो. कडी आपण आतून काढलेली असते. म्हणून आता कोणी कौतुक केलं, की मी मनात विचारतो, ह्याच्या बदल्यात मी काय बघायचं सोडून देतोय?

फ्लेक्स मी गेल्या दिवाळीनंतर स्वतः काढला. बांबू सोडवताना हात फाटला, पण काढला. कंपनीच्या पोराला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. वरून हुकूम यावा लागतो म्हणाला. तो व्हिडिओ अजून कुठं कुठं फिरतोय. म्हणून इथं लिहितो. ज्यांनी ज्यांनी माझा तो व्हिडिओ बघून औषध घेतलं, त्यांनी हे वाचावं. त्या दोन एकराला मी दोन पाणी दिले होते. ते मी सांगायला पाहिजे होतं, आणि व्हिडिओतून ते गेलेलं दिसल्यावर बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. माझं चुकलं.

त्या पोराबद्दलही माझ्या मनात कडू नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, त्याच्या बापाचीही दोन एकरच शेती आहे. तोही कुणीतरी पटवलेलाच आहे.

परवा भाऊ बांधावर भेटला. म्हणाला, "दादा, यंदा तू बीबीएफनं पेरणार म्हणतात. मी पण तसंच पेरू का? ओढ्याकाठी पाणी तुंबतं."

माझ्या तोंडात आलंच होतं, "डोळे झाकून पेर." रुंद वरंबा-सरीनं पाण्याचा निचरा होतो, पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, हे खरं आहे, विद्यापीठाचीही शिफारस आहे. पण "डोळे झाकून" हे शब्द मी गिळले. त्याला म्हणालो, "एक एकर वरंब्यावर पेर, शेजारचं तुझ्या पद्धतीनं पेर. काढणीला दोन्हींच्या गोण्यांवर खुणा कर. वजन करायला मी येतो."

तो हसला. म्हणाला, "आता तू बी त्या सरासारखा बोलायला लागला."

बघू. पाऊस उघडला की पेरतोय. पट्ट्यांचे आकडे दिवाळीच्या आधी इथं टाकीन, कसे येतील तसे. तुम्ही यंदा कुठलंही नवं औषध मारणार असाल, तर माझं एक ऐका, किंवा ऐकू नका, करून बघा. दहा ओळी सोडा.